सर स्टँड घेतात की पुण्याला जातात?

चार माणसं रोज सकाळी सायकली घेऊन निघतात म्हटलं की लोकांना वाटतं, यांच्या तब्येती सुधारत असतील. तब्येतीचं आम्हाला माहीत नाही, किस्से मात्र दिवसेंदिवस सुधारत जातात! निम्मे रस्त्यावर घडतात आणि उरलेले औसा रोडच्या टपरीवर चहा पिता पिता तयार होतात. एकानं सांगायला सुरुवात केली की दुसरा म्हणतो, 'तसं नव्हतं ते.' तिसरा म्हणतो, 'मी होतो तिथं.' खरं म्हणजे तो नसतोच. असे किस्से इतके साठलेत की आता कुणी नवीन माणूस ग्रुपात यायचा म्हटला, तर त्याला आधी चार दिवस नुसतं ऐकायला बसवावं लागेल.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी मेडिकलवाला. दुसरे अप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, त्यावर हेल्मेट, आणि हेल्मेट घालताना पट्टे पुसतात म्हणून रोजची तक्रार! तिसरे बिरादार वकील. मूळचे उदगीरचे. राहतात लातुरात, पण मनानं ते उदगीर जिल्ह्यात राहतात. असा जिल्हा अजून झालेला नाही, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ आहे.

आणि चौथे मुळे सर. मुरुडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून रिटायर झाले. हे सगळे किस्से खरं तर त्यांचेच, आम्ही आपले शेजारी उभे!

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच वर्षाची गोष्ट. सरांच्या मनात त्या वर्षी एक वस्तू भरली होती. सायकल दुरुस्तीचा घरगुती स्टँड. तीन पायांचा, वर एक पंजा असलेला. त्या पंज्यात सायकलची दांडी अडकवायची की सायकल छातीएवढ्या उंचीवर अधांतरी राहते. मग उभ्या उभ्या चेन पुसा, ब्रेक बघा, चाक फिरवा. कंबर वाकवायचं काम नाही.

आता तुम्ही म्हणाल, घ्यायचा की मग, एवढा विचार कसला? तर त्यात एक मेख होती. सरांचा एकुलता एक मुलगा वैभव पुण्याला इंजिनियर आहे. लग्न व्हायचंय. त्यानं तिकडं फ्लॅट घेतला आणि फोनवर एकच धोशा लावला, "बाबा, आईला घेऊन इकडं या. तिथं आता काय ठेवलंय? प्यायला पाणी तरी हाय का?" स्वतः मात्र यायचा नाही. सुट्टी नाही, काम आहे, आणि तिथं आलो तर आंघोळीची पंचाईत! तो शेवटचा कधी आला होता, हे त्याच्या आईला, म्हणजे वहिनींना, विचारायची सोय नव्हती. विचारलं की पदर डोळ्याला जायचा. वहिनींचा जीव पुण्याकडं ओढत होता आणि सरांचा पाय लातुरातून निघत नव्हता. सर हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात.

आम्ही आमच्यापुरतं गणित मांडलं होतं. स्टँड घेतला म्हणजे सर राहिले, नाही घेतला म्हणजे गेले. फ्लॅटात कोण स्टँड लावतंय? म्हणून आम्ही रोज विचारायचो, "सर, स्टँडचं काय?" आणि आम्हाला विचारायचं असायचं ते भलतंच. ते उघडपणे विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती नव्हती.

* * *

सर एखादी वस्तू कशी घेतात, ते आधी ऐका.

सायकल घ्यायच्या वेळी आम्ही तिघं त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदारानं पुढचा गिअर, मागचा गिअर, फ्रेमची गॅरंटी, सगळं घडाघडा सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं काय ते कळालं. आता हिच्यात वाईट काय हाय ते सांगा."

दुकानदार गडबडला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो म्हणाला, "सर, वाईट काईच न्हाई."

"असं कसं? काहीतरी असंलच की. विचार करून सांगा, आम्ही उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी खरंच गेलो! तिसऱ्या दिवशीही गेलो. नंतर नंतर तर दुकानदार आम्हाला लांबून बघूनच आत जायला लागला. शेवटी एक दिवस सापडला, तेव्हा त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "सर, लई विचार केला. सायकलीत वाईट काईच सापडंना. गिऱ्हाईकाचं बोलू का?"

सरांनी त्याच दिवशी सायकल घेतली. म्हणाले, "माणूस खरं बोलतो."

* * *

त्या उन्हाळ्यात आमचा वेग अचानक वाढला. हे मी उगीच सांगत नाही, मोबाईलच्या ॲपवर नोंद आहे. त्याचं कारण असं, की आम्ही लातूर सोडून चांगले लांब गेलो की नेमका कुणाच्या तरी घरून फोन यायचा, "टँकर आलाय!"

मग काय विचारता! एरवी चढावर उतरून सायकल ढकलत चालणारे अप्पा सगळ्यांच्या पुढं! हेल्मेट मागं लोंबतंय, सदरा फुगलाय, आणि ओरडतायत, "व्हा बाजूला, व्हा!" एकदा तर त्यांनी ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरला मागं टाकलं. ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून विचारलं, "अप्पा, कोण गेलं?"

ॲपवर तो वेग बघून कुण्या परगावच्या सायकलवाल्यानं अप्पांना मेसेज केला, 'सर, या वयात हा स्पीड! तुमचा कोच कोण?'

अप्पांनी उत्तर लिहिलं, 'टँकर.'

* * *

स्टँडचा विषय नेमका निघाला कसा, ते वहिनींमुळं.

सर चेन साफ करायची तर अंगणात सायकल उलटी करायचे. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडं. वहिनींना ते आवडायचं नाही. आपल्याकडं उलटी पडलेली चप्पल दिसली तर बाया लगेच सुलटी करतात. ती उलटी राहिली तर घरात भांडण होतं म्हणून. एक दिवस आम्ही सगळे अंगणात होतो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एक चप्पल उलटी राहिली तर भांडण होतं म्हणतात. इथं तर अख्खी सायकल उलटी!"

सर चेन पुसत म्हणाले, "मग त्या हिशोबानं आपलं भांडण लई कमी व्हलालंय की!"

वहिनींनी हातातला झाडू खाली ठेवला. पुढचं आम्ही ऐकलं नाही, सायकली काढून निघालो. दुसऱ्या दिवशी टपरीवर सरांनी मोबाईल पुढं केला आणि म्हणाले, "हे बघा, असा एक स्टँड निघालाय. सायकल सुलटीच राहते."

* * *

अप्पांना विकत घेणं हा प्रकारच पटत नाही. ते म्हणाले, "स्टँड कशाला घेताव? माझ्या आडतीत तराजूची तिवई पडून हाय. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून तिला कोण विचारतंय! तीन पायांचीच हाय. टांगा तिला."

तीन बांबू वर एकत्र बांधलेले, त्यातून साखळी सोडलेली आणि साखळीला मोठा लोखंडी काटा, काट्याखाली हूक. पूर्वी तुरीची पोती यावरच मोजायचे. आम्ही सायकल घेऊन मोंढ्यात गेलो. सरांनी सायकलची दांडी हुकाला अडकवली. सायकल मस्त अधांतरी झुलायला लागली. सर खूश झाले आणि पाना काढायला पिशवीकडं वळले.

तेवढ्यात अप्पांचा जुना हमाल आला. जन्म गेला त्याचा या तिवईखाली. काहीतरी टांगलंय एवढंच त्यानं पाहिलं, सवयीनं काट्याला हात लावला, सायकल स्थिर केली आणि वजन पुकारलं!

आतून गादीवरून अप्पांनीही तितक्याच सवयीनं आवाज दिला, "किलोभर कडता!"

झालं! कडता म्हणजे मालात माती, ओल, काडीकचरा असेल म्हणून वजनातून करायची कपात. सर पाना टाकून गादीपुढं येऊन उभे राहिले. "अप्पा, कडता कशाचा? काल पुसलीय सायकल!"

अप्पा भानावर आले, पण आडत्या मागं हटत नसतो. "धूळ हाय की चाकाला. औशाची धूळ जड असती."

"एक किलो धूळ? दाखवा काढून!"

वाद इतका रंगला की शेजारच्या आडतीवरची माणसं येऊन उभी राहिली. तूर घेऊन आलेला एक शेतकरी सरांच्या बाजूनं बोलायला लागला. कडत्याचा त्याचाही अनुभव होता! शेवटी वकिलांनी मध्यस्थी केली आणि कडता अर्ध्या किलोवर आला. सर घरी जाताना म्हणाले, "तिवई चांगली हाय. पण तिथं दुरुस्ती न्हाई करायची मला. प्रत्येक वेळी माझी सायकल हलकी होणार."

* * *

आमच्या पंक्चरवाल्या बशीरभाईंचा किस्सा मात्र पाण्याचा.

पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते. त्या उन्हाळ्यात बशीरभाईंची घमेली कोरडी पडली होती. त्यांनी दुकानावर पाटीच लावली, 'पंक्चर काढायचं असेल तर पाणी सोबत आणावे.' लोक पंक्चर सायकल एका हातानं ढकलत आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन यायचे. एकानं पेल्यातून आणलं, तर बशीरभाई म्हणाले, "इत्ते पानी में तो मच्छर का पंक्चर भी नहीं निकलता!"

सर आले ते बाटली आणि गाळणी दोन्ही घेऊन. पंक्चर निघालं. सरांनी घमेल्यातलं पाणी गाळून परत बाटलीत भरलं. बशीरभाई बघतच राहिले. "सर, हे आता काय करणार?"

"तुळशीला घालतो."

आठवडाभरानं पुन्हा पंक्चर, पुन्हा गाळणी. बशीरभाईंनी विचारलं, "तुळस कशी हाय, सर?"

सर म्हणाले, "हाय बरी. पण ही म्हणते, प्रदक्षिणा घालताना रबराचा वास येतो."

याच बशीरभाईंना सरांनी एकदा स्टँडबद्दल सरळ विचारलं. मनात कुठंतरी संकोच होता, की घरी स्टँड आणला तर यांचं गिऱ्हाईक तुटेल. बशीरभाईंना संकोच बिंकोच काही नव्हता. म्हणाले, "लेव सर, लेव! बिलकुल लेव! आत्ता तुम्ही म्हैन्यातून एकदा येताव. घरी खोलायला लागलाव की रोज जोडून घ्यायला येचाल!"

* * *

बिरादार वकिलांचं उदगीर मध्येच सांगून टाकतो.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव नुसतं 'सायकल' आहे. जिल्ह्याची जरा कुठं बातमी उठली, की वकील रातोरात नाव बदलतात. सकाळी उठून बघावं तर आम्ही सगळे 'उदगीर जिल्हा सायकल मंडळा'चे मेंबर! अप्पा चिडून परत 'सायकल' करतात. पुन्हा बातमी, पुन्हा नाव. एकदा अप्पांच्या जावयानं फोन करून विचारलं, "मामा, लातूर सोडलात का?"

सरांचं स्टँडचं ठरेना म्हणून एक दिवस वकील टपरीवर सगळ्यांसमोर उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ऐका! ज्या दिवशी उदगीर जिल्हा होईल, त्या दिवशी सरांना स्टँड माझ्याकडून भेट!"

सरांनी कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चालतंय. नातवाच्या नावानं लिहून ठेवा."

* * *

मुरुडला सरांना घेऊन जाणं म्हणजे मिरवणूक असते. गावात शिरलं की हॉटेलवाला विद्यार्थी, कापडवाला विद्यार्थी, बसस्टँडवर पेपर वाचत बसलेला आजोबासारखा दिसणारा माणूसही विद्यार्थीच! चहाला कुणी पैसे घेत नाही. सरांना ते आवडत नाही, पण आम्हाला आवडतं.

तिथं त्यांचा एक विद्यार्थी, राजेभाऊ, वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतो. त्याला भूमितीत कधी पास होता आलं नाही आणि त्यापायी सरांच्या हातचा मारही त्यानं भरपूर खाल्लेला. सरांना स्टँड पाहिजे हे कानावर आलं आणि तो हट्टालाच पेटला. "सर, विकतचा घ्यायचा न्हाई. मी करतो."

सरांनी मोबाईलवर चित्र दाखवलं आणि म्हणाले, "फक्त मजबूत पाहिजे."

इथं चुकलं! दोन आठवड्यांनी राजेभाऊचा फोन आला, स्टँड तयार आहे. आम्ही गेलो. वर्कशॉपच्या मधोमध रेल्वेच्या रुळासारखं काहीतरी उभं होतं. अँगल, त्यावर पाइप, पाइपावर पत्रा, वर निळा रंग. राजेभाऊनं पहिल्यांदा गुण्या आणून कोपऱ्याला लावला. "सर, काटकोन बघा! एक सूत फरक न्हाई."

सरांनी वाकून बघितला. काटकोन खरोखर पक्का होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि एवढा दांडगा गडी, त्याचे डोळे भरून आले. आम्हीही इकडं तिकडं बघायला लागलो.

मग सरांनी विचारलं, "वजन किती पेलंल रे?"

राजेभाऊ डोळे पुसत म्हणाला, "सायकलचं काय घेऊन बसलाव सर, म्हैस टांगा!"

तो स्टँड आम्हा चौघांना आणि त्याच्या दोन माणसांना जागचा हलला नाही. अजून तो मुरुडलाच आहे. त्याच्यावर ट्रॅक्टरचं इंजिन टांगतात.

* * *

एवढं झाल्यावर वकिलांनी ठरवलं की सरांना खराखुरा विकतचा स्टँड डोळ्यांनी दाखवायचा. त्यांचे साडू नागनाथराव देगलूरला असतात. त्यांच्याकडं तसा स्टँड होता. रविवारी गाडी काढली आणि चौघंही गेलो. परक्या घरी जायचं म्हणून सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले. अप्पांनी तर टोपी घातली होती.

नागनाथराव नेमके शेताकडं गेले होते. "येतो अर्ध्या तासात, बसा," असा फोनवर निरोप. आम्ही बैठकीत ओळीनं बसलो. आतून नागनाथरावांच्या आई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या. देगलूरच्या माणसाला तीन भाषा येतात आणि कधी कोणती वापरायची ते तोच ठरवतो, त्याप्रमाणं त्या सुनेशी तेलुगूत बोलल्या, आम्हाला मराठीत "बसा" म्हणाल्या आणि समोर खुर्ची घेऊन बसल्या. पोहे आले. पोहे घेऊन आली ती त्यांची नात, मान खाली घालून.

आजीबाईंनी आम्हा चौघांना नीट न्याहाळलं आणि सरांकडं बघून विचारलं, "पोरगा काय करतो?"

आता सर म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस. प्रश्न का विचारला, यात ते शिरत नाहीत. म्हणाले, "इंजिनियर हाय. पुण्याला."

"एकलाच?"

"एकलाच."

"घर?"

"स्वतःचा फ्लॅट घेतलाय."

आजीबाई समाधानानं डोलल्या. वकिलांचा पोह्यांचा घास हातातच राहिला, कारण त्यांच्या ध्यानात आलं होतं काय चाललंय! मला हसू आवरेना म्हणून मी पाणी मागितलं. अप्पा मात्र रंगात आले. त्यांनी पुष्टी जोडली, "पोरगा लई गुणी हाय. निर्व्यसनी."

आजीबाईंनी पुढचा प्रश्न टाकला, "मग तुम्ही नवरा-बायकू कुठं ऱ्हाणार? पोराजवळ का गावाकडं?"

वर्षभर आम्हाला जे विचारता आलं नाही, ते या आजीबाईंनी पोह्यांबरोबर विचारून टाकलं होतं. सर बशीतल्या पोह्यांकडं बघत बसले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "ठरलं न्हाई अजून."

वकिलांना राहवलं नाही. ते घाईघाईनं म्हणाले, "आजी, तुमचा गैरसमज व्हलालाय. आम्ही पोरगी बघाय न्हाई आलो. आम्ही स्टँड बघाय आलो. आवडला तर सर तसाच लातूरला घेणार हायत."

आजीबाईंनी आतल्या खोलीकडं मान वळवून सुनेला हाक मारली, "ऐकलीस का गं? लातूरचे हायत हे! पाणी न्हाई तिथं. पोरगी तर न्हाईच, तो स्टँड बी देऊ नका!"

* * *

त्यानंतर बरेच दिवस आम्ही स्टँडचं नाव काढलं नाही. आजीबाईंचा तो प्रश्न आमच्यातच कुठंतरी राहिला होता. अप्पा मला एकदा एकट्याला म्हणाले, "सर गेले तर मी सायकल विकून टाकीन बघ." ते चेष्टेत म्हणाले नव्हते. मलाही चेष्टा सुचली नाही.

आणि एका सकाळी टपरीवर चहा यायच्या आधीच सरांनी खिशातून मोबाईल काढला. "स्टँड मागवून टाकतो," म्हणाले. ना काही विचारपूस, ना वाईट काय त्याची चौकशी. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी बटण दाबलं!

अप्पांनी टपरीवाल्याकडून होते नव्हते तेवढे पेढे घेऊन सगळ्यांना वाटले. वकिलांनी ग्रुपचं नाव बदलून 'सर राहिले' केलं. त्या दिवशी पहिल्यांदा अप्पांनी ते परत बदललं नाही.

आठवडा गेला. मी विचारलं, "सर, आला का स्टँड?"

"आला."

"मग चला की बघायला!"

"पुण्यात आलाय," सर म्हणाले. "ॲप वैभवनं टाकून दिलेलं हाय. पत्ता त्याच्याच घरचा व्हता."

अप्पांचा चहा तसाच निवला. म्हणजे सर शेवटी जाणारच, असं आम्हा तिघांच्या मनात एकाच वेळी आलं असावं. वकिलांनी उगीच ग्राहक मंचाचं काहीतरी काढलं, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. मला मात्र एक गोष्ट राहून राहून खटकत होती. हा माणूस माझ्या दुकानात साधी डोकेदुखीची गोळी घेतो, तरी पाकीट उजेडात धरून त्याच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतो. मग यांनी पत्ता बघितला नाही?

पुढच्या रविवारी सकाळी सरांचा फोन आला, "घरी या."

गेलो तर अंगणात वैभव! सीट मिळाली नाही म्हणून बसमध्ये तो लांबलचक खोका उभा धरून आलेला. डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि तोंड चालू, "किती वेळा सांगितलं बाबांना, ऑर्डर करताना पत्ता बघत जा! परत पाठवायची सोय न्हाई, कुरियरवाले एवढा लांब खोका घेईनात, ऑफिसात सुट्टी टाकून यावं लागलं!" सर खाली मान घालून ऐकून घेत होते. गणिताचा मास्तर मुलाची बोलणी खातोय, असं दृश्य आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी न्हाणीघरात पाण्याची बादली काठोकाठ भरून ठेवली होती. त्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली बादली लातुरात कुणी कुणासाठी ठेवत नव्हतं. वैभव बादली बघून म्हणाला, "एवढं कशाला, आई? तुम्हाला पुरंल का?" वहिनी म्हणाल्या, "तू कर आंघोळ."

दुपारी बापलेकांनी मिळून स्टँड उभा केला. पंज्यात दांडी धरली, सायकल छातीएवढी उंच झाली. एका बाजूनं सर, दुसऱ्या बाजूनं वैभव, मधे चेन. दोघांचे हात काळेभोर. वहिनी उंबऱ्यावर बसून नुसत्या बघत होत्या. वैभवनं काम करता करता विचारलं, "मग कधी येताव पुण्याला?" वहिनी म्हणाल्या, "हात धू अन् आधी जेव."

एका दिवसासाठी आलेला पोरगा चांगला मंगळवारपर्यंत राहिला. निघायच्या वेळी आम्ही तिघंही निरोपाला होतो. अप्पा जाता जाता म्हणाले, "वैभव, तेवढा बाबाच्या मोबाईलमधला पत्ता बदलून दे बाबा. न्हाईतर पुन्हा तुला खोके उचलून यावं लागंल."

"हाव, ते राहिलंच की," म्हणत वैभवनं सरांकडून मोबाईल घेतला. तो ॲप उघडतोय तोवर सरांनी हात पुढं केला, मोबाईल अलगद त्याच्या हातातून काढून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "हवा भरायचा पंप मागवणार हाय मी. दिवाळीच्या सुमाराला तिकडं येईल तो."